वत्सगुल्माची मध्यरेषा आणि ताऱ्यांचे व्यास

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा आणि त्याच्या दक्षिणेला असलेले वाशीम ही दोन्ही ठिकाणे ७७ अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पुढे येतात, आणि पठारावरच्या या अरुंद दक्षिणोत्तर पट्ट्याला भारतीय खगोलगणिताच्या इतिहासात एक जुने व मानाचे स्थान आहे. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथे होती. दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातील ताम्रपट वाशीमलाच सापडला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनी त्याच्या आधारे या शाखेचा इतिहास पक्का केला. राजघराणे लयाला गेल्यानंतरही नगराचे नाव एका वेगळ्याच शास्त्रात टिकून राहिले. सातव्या शतकातील गणिती पहिला भास्कर याने ‘महाभास्करीय’ या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरील स्थळांची जी यादी दिली आहे, तीत अवंती म्हणजे उज्जयिनीच्या जोडीने वत्सगुल्माचेही नाव येते. वाशीममधील मध्यमेश्वराच्या मंदिराशी मध्यरेषेची ही परंपरा आजही जोडली जाते.

मध्यरेषा म्हणजे जिथून काळाची गणना सुरू होते ती रेषा. ग्रहांची स्थाने या रेषेवरच्या मध्यरात्रीसाठी किंवा सूर्योदयासाठी काढावयाची आणि मग प्रत्येक गावासाठी ‘देशांतर’ नावाचा संस्कार देऊन ती दुरुस्त करावयाची, अशी पंचांगकर्त्यांची रीत होती. गाव मध्यरेषेच्या पूर्वेला किती किंवा पश्चिमेला किती, हे ठरविण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चंद्रग्रहण, कारण ते सर्वांना एकाच क्षणी दिसते; गणिताने आलेली ग्रहणाची वेळ आणि प्रत्यक्ष दिसलेली वेळ यांतील फरकावरून अंतर निघते. आज उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ कला आणि वाशीमचा सुमारे ७७ अंश ८ कला येतो, म्हणजे एकाच रेषेवर मानलेल्या या दोन नगरांमध्ये जवळजवळ १ अंश २२ कलांचा फरक आहे. काळाच्या मापात हा फरक साडेपाच मिनिटांच्या आत, म्हणजे सुमारे साडेतेरा पळे भरतो. पृथ्वीच्या सावलीची कड चंद्रबिंबावर धूसर असते आणि ग्रहण नेमके केव्हा लागले हे डोळ्यांनी ठरविताना काही मिनिटे सहज इकडची तिकडे होतात, हे ध्यानात घेतले तर या चुकीबद्दल प्राचीनांना दोष देण्याचे कारण उरत नाही. त्यांचे गणित पुष्कळ पुढे गेलेले होते, अडत होते ते वेधापाशी. आकाशातला कोन किती बारकाईने वाचता येतो यावर बाकीच्या सर्व ज्ञानाची मर्यादा ठरत होती, आणि तीच गोष्ट पुढच्या हजार वर्षांच्या खगोलशास्त्राच्या बाबतीतही खरी आहे.

कोन मोजण्याची भाषा मात्र तेव्हापासून बदललेली नाही. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे दिसते, निरोगी डोळ्याला सुमारे एका कलेपर्यंतचा फरक ओळखता येतो, आणि मोठमोठ्या दुर्बिणींतूनही तारा केवळ एक ठिपका दिसतो, कारण त्याचे बिंब विकलेच्या अगदी लहान अंशाएवढे असते. मृग नक्षत्राच्या चार पायांपैकी तांबूस दिसणारा पाय म्हणजे काक्षी, ज्याला आर्द्रेचा योगतारा मानतात. सूर्य ज्या काळात मृगात आणि आर्द्रेत असतो त्याच काळात वऱ्हाडातला शेतकरी पेरणीचा अंदाज घेत असतो. हा तारा आकाशातील सर्वांत मोठ्या दिसणाऱ्या ताऱ्यांपैकी एक, पण त्याचेही बिंब एका विकलेच्या विसाव्या भागाहून लहान आहे. सव्वादोन सेंटिमीटर व्यासाचे एखादे नाणे यवतमाळला उभे धरले आणि सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या किन्हीराजाहून ते पाहिले, तर त्याचा जेवढा कोन होईल तेवढा काक्षीचा कोनीय व्यास आहे. कोनीय व्यास म्हणजे बिंबाच्या दोन कडांनी डोळ्याशी केलेला कोन. ताऱ्याचे अंतर माहीत असले की त्यावरून त्याचा खरा व्यास निघतो, आणि व्यासाला ताऱ्याच्या तेजाची जोड दिली की त्याच्या पृष्ठभागाचे तापमान निघते. ताऱ्यांच्या भौतिकीचा पाया या एका मापावर उभा आहे, म्हणून हे माप मिळविण्यासाठी शास्त्रज्ञांनी केलेली धडपड समजून घेण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकात या प्रदेशात आकाशाचे आणि भूमीचे मोजमाप करणारी मंडळी वारंवार येऊन गेली. ७८ अंश रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर त्रिकोणांची मालिका उभारीत आलेला भूमापक विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला मरण पावला, आणि त्याची कबरही तेथेच आहे. त्याच्या पद्धतीचा गाभा असा, की जमिनीवर एक आधाररेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची आणि तिच्या दोन टोकांहून दूरच्या खुणेचे कोन घेऊन बाकीची सर्व अंतरे गणिताने काढावयाची. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून जेऊरमार्गे वऱ्हाडात शिरली, तेव्हा तळणी येथे ब्रिटिश खगोलप्रेमींचा तळ पडला होता आणि ॲनी माँडर यांनी तेथून एका लहानशा भिंगाने सूर्याच्या प्रभामंडलाचा दूरवर गेलेला झोत छायाचित्रात टिपला. त्याच ग्रहणासाठी जेऊरला आलेले कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्यात उभारलेल्या वेधशाळेत त्यांच्याकडे २० इंची आरशाची दुर्बीण होती, जी त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती आणि १९१२ मध्ये कोडाईकॅनलला हलविण्यात आली.

या पुणेरी दुर्बिणीतून काक्षीचे बिंब दिसू शकले असते काय, या प्रश्नाचे उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे कोणत्याही गोल छिद्रातून किंवा आरशावरून जाताना तो थोडासा पसरतो; या पसरण्याला विवर्तन म्हणतात. परिणामी आदर्श दुर्बिणीतही बिंदुवत ताऱ्याची एक छोटी चकती दिसते, आणि त्या चकतीचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या प्रमाणात वाढतो व आरशाच्या व्यासाच्या प्रमाणात घटतो. २० इंची आरशासाठी ही मर्यादा एक चतुर्थांश विकलेहून थोडी जास्त येते, म्हणजे काक्षीच्या बिंबाच्या जवळजवळ सहापट. त्यात वातावरणाची भर पडते. गरम आणि थंड हवेच्या झुळका ताऱ्याचे चित्र सतत हलवितात, ते तुकड्यातुकड्यांत फोडतात आणि बहुतेक ठिकाणी विकलाभर पसरवितात. आरसा कितीही मोठा केला तरी ही दुसरी अडचण तशीच राहते.

वाट दाखविली ती फ्रेंच भौतिकीविद फिझो याने, १८६८ मध्ये. पूर्ण आरशाची गरजच काय, असा त्याच्या सूचनेचा रोख होता. दुर्बिणीच्या तोंडावर झाकण घालून त्यात परस्परांपासून दूर फक्त दोन फटी ठेवल्या, तर ताऱ्याचा प्रकाश दोन वाटांनी येऊन एकत्र होतो. जेथे एका वाटेच्या तरंगाचा माथा दुसऱ्या वाटेच्या तरंगाच्या माथ्यावर पडतो तेथे प्रकाश वाढतो, आणि जेथे माथा खळग्यावर पडतो तेथे अंधार होतो. तरंगांच्या या परस्परांवरील परिणामाला व्यतिकरण म्हणतात, त्यातून उमटणाऱ्या उजळ-काळ्या ओळींना व्यतिकरण पट्ट, आणि ते मोजणाऱ्या यंत्राला व्यतिकरणमापक किंवा इंटरफेरोमीटर. तारा खरोखरच बिंदू असेल तर पट्ट नेहमीच ठळक राहतील. तो बिंब असेल तर बिंबाचा प्रत्येक भाग आपापले पट्ट उमटवील आणि डाव्या कडेचे पट्ट उजव्या कडेच्या पट्टांपासून किंचित सरकलेले असतील. फटी जवळ असताना हे सरकणे नगण्य असते. त्या दूर नेऊ लागले की एका कडेचा उजेड दुसऱ्या कडेच्या अंधारावर पडू लागतो, पट्ट फिकट होत जातात आणि एका ठराविक अंतरावर पुसले जातात. ते अंतर, म्हणजेच दोन फटींमधील आधाररेषा, मोजली की ताऱ्याचा कोनीय व्यास मिळतो: तरंगलांबीला आधाररेषेने भागावयाचे आणि १.२२ ने गुणावयाचे. लॅम्बटनच्या साखळीप्रमाणेच येथेही आकाशातील सूक्ष्म कोन जमिनीवरच्या लांबीतून काढला जातो.

या पद्धतीचे खरे सौंदर्य असे, की तिला ताऱ्याचे चित्र दिसावे लागत नाही. चित्र वातावरणाने कितीही विस्कटले तरी पट्ट आहेत की नाहीत, आणि असले तर किती ठळक, एवढेच पाहावयाचे असते. खगोलविद स्तेफां याने १८७३-७४ मध्ये मार्सेय येथील ८० सेंटिमीटर दुर्बिणीवर ६५ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन फटी लावून हा प्रयोग केला. ज्या ज्या ताऱ्यावर दुर्बीण रोखली त्या प्रत्येकाचे पट्ट ठळकच दिसले, आणि सर्व ताऱ्यांचे व्यास ०.१५८ विकलेहून लहान आहेत एवढाच निष्कर्ष त्याला काढता आला. हा निष्कर्ष नकारात्मक असला तरी पुढच्या माणसाला किती लांब जावे लागेल याचा त्यातून अंदाज आला, आणि या दृष्टीने स्तेफांच्या कामाला इतिहासात मिळते त्याहून मोठे स्थान मिळावयास हवे.

पुढचा माणूस भौतिकीविद अल्बर्ट मायकेलसन. १८९१ मध्ये त्याने लिक वेधशाळेत गुरूच्या चार मोठ्या उपग्रहांचे व्यास या रीतीने मोजले, पण ताऱ्यांसाठी लागणारी लांबी मिळण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली. माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीच्या तोंडावर २० फुटांची पोलादी तुळई आडवी बसविण्यात आली. तुळईवर चार सपाट आरसे होते. बाहेरचे दोन तुळईवरून सरकविता येत आणि ते पकडलेला प्रकाश आतल्या दोन आरशांकडे व तेथून मोठ्या आरशावर पाठवीत. दोन्ही बाजूंचा प्रकाशमार्ग तरंगलांबीच्या काही पटींइतक्या बारकाईने सारखा असावा लागे, नाहीतर पट्ट उमटतच नसत, म्हणून वाटेत काचेच्या पाचरी बसवून निरीक्षक तो हाताने जुळवीत असे. १३ डिसेंबर १९२० च्या रात्री मायकेलसनचे सहकारी फ्रान्सिस पीझ आणि जॉन अँडरसन यांनी बाहेरचे आरसे १२१ इंचांवर, म्हणजे तीन मीटरहून थोडे जास्त अंतरावर ठेवले. इतर ताऱ्यांवर पट्ट स्पष्ट होते, म्हणजे यंत्र नीट जुळलेले होते. काक्षीवर मात्र ते नाहीसे झाले. यंत्रात दोष नाही याची ही खात्रीच या शोधाचा कणा आहे, कारण पट्ट न दिसण्याला शेकडो क्षुल्लक कारणे असू शकतात आणि त्यांतले एकेक वगळल्याशिवाय ताऱ्याला आकार आहे असे म्हणता येत नाही. व्यास निघाला ०.०४७ विकला. सूर्याच्या जागी हा तारा ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात सामावेल, हे प्रथमच गणिताच्या तर्कावर न राहता मोजमापाने सिद्ध झाले.

यानंतर पीझने ५० फुटी तुळईचे यंत्र बांधले, पण लांब तुळई वाकते, थरथरते आणि वातावरण दोन आरशांवर वेगवेगळे खेळ करते, त्यामुळे हाती फारसे लागले नाही आणि हा विषय जवळजवळ एका पिढीसाठी थांबला. तो पुन्हा सुरू केला तो भारतात जन्मलेल्या दोन इंग्रजांनी. रॉबर्ट हॅन्बरी ब्राउन यांचा जन्म १९१६ मध्ये निलगिरीतील अरुवनकाडूचा, रिचर्ड ट्विस यांचा १९२० मध्ये सिमल्याचा. त्यांनी तरंगांचे मीलन करणेच सोडून दिले. दोन वेगळ्या आरशांवर पडणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेत जे क्षणोक्षणी चढउतार होतात ते विजेच्या संकेतात रूपांतरित करावयाचे आणि दोन्हींकडचे चढउतार किती जुळतात ते पाहावयाचे, अशी ही पद्धत. आरसे जवळ असताना जुळणी अधिक, दूर नेताना कमी, आणि ती कशी घटते त्यावरून व्यास. वातावरणाच्या झुळका तरंगांची घडी मोडतात पण तीव्रतेच्या अतिजलद चढउतारांना फारसा धक्का लावीत नाहीत, म्हणून प्रकाशमार्ग मिलिमीटरपेक्षाही बारीक जुळविण्याची गरज उरली नाही आणि आरसेही ओबडधोबड चालले. १९५५-५६ च्या हिवाळ्यात जॉड्रेल बँक येथे लष्करी शोधदिव्यांचे दोन आरसे वापरून त्यांनी व्याधाचा व्यास ०.००६३ विकला काढला.

अनेक भौतिकीविदांनी हे अशक्य ठरविले. दोन स्वतंत्र प्रकाशकण एकमेकांची जाण ठेवून येतील कसे, असा आक्षेप होता. एडवर्ड पर्सेल यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले, की प्रकाशकण सत्येंद्रनाथ बोस यांच्या सांख्यिकीनुसार वागतात आणि त्यामुळे ते एकेकटे येण्यापेक्षा गटागटाने येण्याकडे अधिक झुकतात. हॅन्बरी ब्राउन आणि ट्विस यांना दिसलेली जुळणी म्हणजे याच गुणधर्माचा परिणाम. पुढे ऑस्ट्रेलियातील नॅराब्राय येथे १८८ मीटर व्यासाच्या वर्तुळाकार रुळांवर सुमारे साडेसहा मीटरच्या दोन आरशांचे यंत्र उभे राहिले आणि त्याने ३२ ताऱ्यांचे व्यास मोजले.

त्या मापनांपैकी एकाचा महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासाशी अप्रत्यक्ष संबंध येतो. पंचांगशुद्धीच्या वादात नक्षत्रचक्राचा आरंभबिंदू रेवतीजवळ धरावा की चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी विद्वानांत मोठी चर्चा झाली. लोकमान्य टिळक रैवत पक्षाकडे होते आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चैत्र पक्ष हिरिरीने मांडला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ या १८९६ च्या ग्रंथामुळे या वादाला ऐतिहासिक साधनांचा भरभक्कम आधार मिळाला होता. दोन्ही पक्षांच्या दृष्टीने चित्रा हा आकाशातील एक स्थिर खूण म्हणून धरावयाचा बिंदू होता. वर्णपटावरून तो जोडतारा असल्याचे तेव्हा युरोपात ओळखले गेले होते, पण दोन्ही तारे किती दूर आणि किती मोठे याचा पत्ता नव्हता. नॅराब्रायच्या यंत्राने सुमारे चार दिवसांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या या जोडीचा कोनीय विस्तार मोजला, आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातून दोन्ही ताऱ्यांची वस्तुमाने, मुख्य ताऱ्याचा व्यास आणि सुमारे पावणेतीनशे प्रकाशवर्षांचे अंतर एकाच वेळी मिळाले. ज्या ताऱ्यावरून पंचांगे भांडत होती त्याच्याविषयीचे हे ज्ञान केवळ दोन आरशांमधील अंतर कमी-जास्त करून मिळाले, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत आजवर पोचावयास हवी होती तेवढी पोचलेली नाही.

महाराष्ट्रात व्यतिकरणाचे तंत्र आले ते मात्र रेडिओ तरंगांच्या वाटेने. गोविंद स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथील, ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या कल्याणजवळ उभारल्या गेल्या: २४ पूर्व-पश्चिम रेषेत ६३० मीटर लांबीवर, ८ दक्षिणोत्तर रेषेत २५६ मीटरवर. १९६५ पासून या मांडणीने सूर्याच्या रेडिओ प्रारणाचे वेध घेतले. पुढे नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली, जिच्या तबकड्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरवर पसरल्या आहेत. रेडिओ तरंगांना वर्धित करता येते, त्यांच्या प्रती काढून प्रत्येक तबकडीची दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी जोडी लावता येते, आणि तरंगलांबी सेंटिमीटर-मीटरांत असल्यामुळे मार्गाची जुळवणीही तुलनेने सोपी असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मीटरच्या वीस लाखाव्या भागाएवढी. तो वर्धित करू गेल्यास त्यात प्रकाशकणांचा स्वाभाविक गोंगाट मिसळतो, म्हणून तो मूळ स्वरूपातच एका जागी आणावा लागतो. साधनांची टंचाई असलेल्या देशाने आधी रेडिओचा मार्ग धरला हा निर्णय अतिशय शहाणपणाचा होता, कारण त्यातून जगाच्या तोडीची दुर्बीणच उभी राहिली. पण त्याची किंमत अशी, की दूर ठेवलेल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणारी प्रकाशीय वेधशाळा भारतात उभी राहिली नाही, आणि या शाखेत काम करू इच्छिणाऱ्या मराठी शास्त्रज्ञांना ती बाहेरच शोधावी लागली.

ही शाखा बाहेर कशी वाढली हे थोडक्यात सांगावयास हवे. १९७४ मध्ये आंत्वान लाबेरी यांनी नीसजवळ १२ मीटर अंतरावरच्या दोन वेगळ्या दुर्बिणींतून अभिजित ताऱ्याचे पट्ट मिळविले आणि तुळईची जागा जमिनीने घेतली. आधाररेषा शेकडो मीटरची झाली की पृथ्वीच्या फिरण्यामुळे दोन्ही दुर्बिणींपर्यंतचे प्रकाशमार्ग सतत बदलत राहतात. ३३० मीटरच्या रेषेवर हा बदल सेकंदाला दोन सेंटिमीटरहून अधिक होऊ शकतो. म्हणून निर्वात नळ्यांतून आणलेला प्रकाश रुळांवरून सरकणाऱ्या आरशांच्या गाड्यांवरून परतविला जातो. या गाड्या जेवढा मार्ग वाढेल तेवढाच तो दुसऱ्या बाजूला भरून काढतात, आणि त्यांची जागा लेसरच्या साह्याने तरंगलांबीच्या लहानशा भागापर्यंत ताब्यात ठेवावी लागते. दुसरी अडचण वातावरणाची. त्याने पट्ट किती सरकविले हे कळत नसल्याने चित्र उभे करता येत नव्हते. पण तीन दुर्बिणींच्या तीन जोड्यांचे सरकणे एकत्र बेरजेत घेतले की वातावरणाचे देणे-घेणे आपोआप फिटते आणि ताऱ्याविषयीची शुद्ध माहिती उरते. ही युक्ती रॉजर जेनिसन यांनी १९५८ मध्ये रेडिओसाठी काढली होती. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ मध्ये जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ती पालोमार येथील पाच मीटर दुर्बिणीवर प्रकाशासाठी वापरली. मोठ्या आरशाने गोळा केलेल्या प्रकाशाच्या वाटेत मोजकी छिद्रे असलेली एक पट्टी ठेवली, छिद्रे अशी मांडली की कोणत्याही दोन जोड्यांमधले अंतर आणि दिशा सारखी येऊ नये, आणि अखंड आरशाचे रूपांतर अनेक छोट्या दुर्बिणींच्या व्यतिकरणमापकात करून दोन जोडताऱ्यांच्या प्रतिमा मिळविल्या. त्या निबंधाच्या लेखकांत अँड्रिया गेझ यांचेही नाव आहे, ज्यांना पुढे २०२० चे नोबेल पारितोषिक आकाशगंगेच्या केंद्रातील वस्तूच्या अभ्यासासाठी मिळाले. केंब्रिज येथील यंत्राने नव्वदीच्या दशकात स्वतंत्र दुर्बिणी जोडून ब्रह्महृदयाचे दोन तारे वेगवेगळे दाखविले.

किन्हीराजाच्या आकाशातून दिसणारे ओळखीचे तारे यानंतर एकामागून एक बिंदूपण सोडू लागले. दक्षिण क्षितिजाजवळ, फार वर न येता मावळणारा अग्रनद हा तारा २००३ मध्ये चिलीतील पारानाल येथील व्यतिकरणमापकाने मोजला तेव्हा त्याचा विषुववृत्तीय व्यास ध्रुवीय व्यासाच्या दीडपटीहून अधिक आढळला. तो इतक्या वेगाने स्वतःभोवती फिरतो की गोल राहूच शकत नाही. माउंट विल्सनवरच, मायकेलसनच्या जुन्या तुळईच्या शेजारी, एक मीटरच्या सहा दुर्बिणींची ‘चारा’ नावाची मांडणी आता काम करते आणि तिची सर्वांत लांब आधाररेषा ३३० मीटरची आहे. तिने २००५ मध्ये मघेचा चपटेपणा दाखविला आणि २००७ मध्ये श्रवण ताऱ्याच्या पृष्ठभागाचे प्रत्यक्ष चित्र दिले, ज्यात ध्रुव अधिक तेजस्वी आणि विषुववृत्त मंद आहे. फिरणाऱ्या ताऱ्याचे विषुववृत्त केंद्रापासून दूर जाते, तेथील गुरुत्व कमी होते आणि म्हणून तापमानही उतरते, हा सिद्धांत १९२४ मध्येच मांडला गेला होता. त्याचा पडताळा मिळण्यास ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

मायकेलसनच्या कल्पनेचे सर्वांत मोठे भारतीय रूप किन्हीराजाच्या दक्षिणेस, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या परिसरात साकारत आहे. योगायोगाने या स्थळाचा रेखांशही ७७ अंशांच्या जरासाच पुढे आहे, म्हणजे वत्सगुल्माच्या जुन्या रेषेपासून ते फारसे दूर नाही. लायगो-इंडिया नावाच्या या प्रकल्पाला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा त्यात प्रमुख भाग आहे. येथे ताऱ्याचा प्रकाश मोजला जाणार नाही, ही गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजांतून एकच लेसर किरण दुभागून पाठविला जातो आणि परतल्यावर त्याच्या दोन भागांचे व्यतिकरण तपासले जाते. दूरवर दोन कृष्णविवरे किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले तर त्यातून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींनी अवकाश ताणले जाऊन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजाराव्या भागाइतका फरक पडतो आणि तो व्यतिकरणात उमटतो. मात्र एकटे यंत्र लहरी कोठून आल्या हे सांगू शकत नाही. लहर वेगवेगळ्या खंडांवरच्या यंत्रांना किती अंतराने पोचली यावरून दिशा ठरते, आणि अमेरिका व युरोपमधील यंत्रांपासून औंढा फार दूर असल्यामुळे त्याच्या भरतीने यंत्रांमधील आधाररेषा पृथ्वीच्या व्यासाच्या जवळ जाते. लहरींचे संकेत गोंगाटातून वेचण्याच्या गणिताचा पाया पुण्यात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांनी दशकांपूर्वीच घातला आहे.

दृश्य प्रकाशाच्या व्यतिकरणाची वाटही भारतासाठी बंद झालेली नाही, आणि ती बहुधा हॅन्बरी ब्राउन व ट्विस यांच्या पद्धतीने उघडेल. गॅमा किरणांच्या अभ्यासासाठी बांधलेल्या मोठ्या, काहीशा ओबडधोबड आरशांच्या दुर्बिणी या कामाला अगदी योग्य असतात. अमेरिकेतील व्हेरिटास या चार दुर्बिणींच्या संचाने २०२० मध्ये मृगाच्या त्रिकांड बाणातील मधल्या ताऱ्याचा व्यास याच रीतीने प्रसिद्ध केला. लडाखमध्ये हानले येथे ४००० मीटरहून अधिक उंचीवर भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली ‘मेस’ ही २१ मीटर व्यासाची दुर्बीण ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. तिच्या शेजारी काही शेकडो मीटरवर दुसरा तसाच आरसा उभा राहिला आणि दोन्हींचे संकेत सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या अचूकतेने जोडले गेले, तर नॅराब्रायच्या यंत्राच्या आवाक्याबाहेर राहिलेले अनेक मंद निळे तारे भारतीय भूमीवरून मोजता येतील.